दोन तुकड्यांमधली दहा मिनिटं

माझी आत्या सत्तावन्न वर्षांची आहे आणि त्यातली शेहेचाळीस वर्षं ती इन्सुलिनवर आहे. ती स्वतः मात्र स्वतःची ओळख अशी कधीच करून देणार नाही. ती एवढंच सांगते, "मी पोहायला शिकवते." कुणी पुढे विचारलं तर म्हणते, पन्नाशीपुढच्या बायकांना शिकवते, कारण लहान मुलांना शिकवण्यात काय मोठेपणा, त्यांना पाण्याची भीती नसते आणि गुडघेही नवे असतात.

मी नर्स झाले ती तिच्यामुळे. आता मी ज्या रुग्णालयात काम करते तिथे मधुमेहाच्या विभागात इन्सुलिन पंपाचे रुग्ण माझ्याकडे असतात. पंप म्हणजे काडेपेटीहून थोडं मोठं यंत्र. कमरेला अडकवायचं, त्यातून एक बारीक नळी निघते आणि पोटावर चिकटवलेल्या बटणाएवढ्या जोडावाटे इन्सुलिन त्वचेखाली जातं. दिवसभर थेंब थेंब, आणि जेवताना आपण सांगू तेवढं जास्त. हे सगळं मी लोकांना शिकवते. आत्याला शिकवायची वेळ आली नाही. तिने पंप घेतला तेव्हा मी कॉलेजात होते, आणि तिनेच तो स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवून मला समजावला होता.

गेल्या वर्षी आमच्या विभागाला पत्र आलं की आमचे पंपाचे रुग्ण जे इन्सुलिन वापरतात ते थोड्याच दिवसांत मिळेनासं होणार. त्याऐवजी दुसरं घ्यावं लागणार होतं. दोन्ही झटपट काम करणारीच, पण नवं जास्त चपळ. लवकर कामाला लागतं आणि लवकर आटोपतं. त्यांच्या पंपात ते चालतं का, हे डॉक्टरांनी आधी तपासून घेतलं. आमच्याकडे असे बारा जण होते. डॉक्टर सावध माणूस. त्यांनी ठरवलं की आधी एकाला देऊ, दोन-तीन आठवडे नीट बघू, मग बाकीच्यांना. कुणाला द्यायचं, असं त्यांनी मला विचारलं. घरच्या माणसाचं नाव आपण होऊन कसं घ्यायचं? त्यांनीच चष्मा पुसत म्हटलं, "तुमच्या आत्याबाई तयार होतील का?"

मी तिला फोन केला. ती म्हणाली, "म्हणजे मी प्रयोगशाळेतला उंदीर?"

"उंदीर नाही गं. पहिली."

"पहिली असेल तर येते."

ठरलेल्या दिवशी ती आली आणि माझ्या खोलीत न शिरता नंबराची चिठ्ठी घेऊन बाहेर बाकावर बसली. मी खुणावलं तरी उठली नाही. नंबर लागल्यावरच आत आली. डॉक्टरांनी तिला सांगितलं की सुरुवातीला युनिट तेवढीच ठेवायची, मग आकडे बघून बदलायची. पंपात इन्सुलिन शरीरात किती वेळ टिकतं त्याची एक नोंद असते, ती त्यांनी चार तासांवरून तीनवर आणली. जेवणाआधी पंधरा-वीस मिनिटं डोस घ्यायची सवय सोडायची, आता पानावर बसताना घ्यायचा. पहिले काही दिवस बोटाला जास्त वेळा टोचून बघायचं. आत्या म्हणाली, "एवढी वर्षं भरल्या ताटाकडे वीस मिनिटं बघत बसायचं काम केलं, ते आता संपलं म्हणायचं."

मी नवी बाटली पुढे केली तेव्हा तिने ती हातात घेतली, चष्मा चढवला आणि त्यावरची बारीक अक्षरं ओठ हलवत वाचली. ताकद तीच, मिलिलिटरला शंभर युनिट. ते वाचून झाल्यावरच मला भरू दिली. पंपातली जुनी टाकी काढली, नळी काढली, पोटावरचा जोड काढला, सगळं नवं बसवलं. जुन्याचा एक थेंबही नव्यात जाऊ द्यायचा नसतो. हे मी दुसऱ्या रुग्णांना दोनदोनदा सांगते. तिच्यापुढे मी एकदाच सांगितलं, तेही हळू आवाजात.

पहिले चार दिवस पोहण्याचा तलाव फरशांच्या दुरुस्तीसाठी बंद होता. त्या चार दिवसांत आत्याचे आकडे असे काही देखणे आले की बघत राहावं. तिच्या दंडावर साखर मोजणारा सेन्सर असतो, तो फोनला आलेख पाठवतो. जेवणानंतर जिथे नेहमी डोंगर उभा राहायचा तिथे आता नुसते उंचवटे दिसत होते. ती मला आलेखाचे फोटो पाठवायची, सोबत एक शब्दही न लिहिता. मला त्या न लिहिण्यातही तिचं ताठ मानेने बसणं दिसायचं.

सोमवारी तलाव उघडला.

आत्याच्या सकाळी लागोपाठ दोन तुकड्या असतात. साडेनऊला पहिली, साडेदहाला दुसरी, मध्ये दहा मिनिटं. पंप पाण्यात न्यायचा नाही म्हणून ती तो काढून लॉकरमध्ये ठेवते, आणि सव्वाअकरा-साडेअकराला परत लावते. पाण्यात साखर उतरू नये म्हणून उतरण्याआधी दोन बिस्किटं खाते. पाण्याखाली सेन्सरचा संदेश फोनपर्यंत पोचत नाही, त्यामुळे आलेखात तेवढा काळ कोरा असतो. वर्षानुवर्षं तो कोरा भाग संपला की आकडा दीडशेच्या आसपास असायचा, आणि त्याची कुणाला काळजी वाटायची नाही.

त्या सोमवारी तो दोनशे सत्तर होता. मंगळवारी दोनशे नव्वद.

मंगळवारी तिने तलावावरूनच फोन केला. पंप अडीच युनिट सुचवत होता. आदल्या दिवशी अडीचने साखर फार सावकाश उतरली होती. मी कामाच्या गडबडीत होते. मी म्हटलं, साडेतीन घे. तिने घेतले.

दीड तासाने, बाजाराच्या चढावर, तिच्या पायातलं बळ गेलं. साखर चौपन्न. ती एका चपलांच्या दुकानाच्या पायरीवर बसली, खिशातल्या ग्लुकोजच्या गोळ्या चघळल्या. दुकानदाराने पाणी आणून दिलं आणि सावलीसाठी पडदा ओढला. पुन्हा बोटाला टोचून आकडा वर आल्याची खात्री झाल्यावर तिने मला फोन केला. आवाज अगदी शांत होता. पोहून आल्यावर स्नायू पुढचे कित्येक तास साखर ओढत राहतात, म्हणून व्यायामानंतर डोस वाढवायचा नसतो, उलट हात आखडता घ्यायचा असतो. हे मी आठवड्यातून तीन वेळा दुसऱ्यांना शिकवते. आणि माझ्या स्वतःच्या आत्याला मी उलटं सांगितलं होतं.

त्याच दुपारी मी एका कागदावर काय घडलं ते वेळेसकट लिहिलं, खाली सही केली आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी वाचलं, फाईलला लावलं. रागावले नाहीत. म्हणाले की पोहल्यानंतरच्या दुरुस्तीचा डोस आता पंप सांगेल त्याच्या निम्मा ठेवू, आणि साखर चढतेच का ते शोधू. त्यांचा अंदाज होता की नव्या इन्सुलिनने पोटावरची जागा चुरचुरत असेल, कधीकधी होतं तसं. ती जागा मी संध्याकाळी बघून यायची होती.

संध्याकाळी गेले तेव्हा आत्या जेवणाच्या टेबलावर पट्टी आणि शिसपेन्सिल घेऊन बसली होती. पोटावरची जागा स्वच्छ होती, लाली नाही की गाठ नाही. मी माफी मागायला तोंड उघडलं तर तिने कागद माझ्याकडे सरकवला. त्यावर दोन टेकड्या काढलेल्या होत्या. एक सावकाश चढून लांबवर उतरत गेलेली, दुसरी झटकन चढून झटकन उतरलेली.

"हे बघ. सातला मी नाश्त्याचं इन्सुलिन घेते," ती पेन्सिलीच्या टोकाने दाखवत म्हणाली. "जुन्याची शेपूट लांब. अकरापर्यंत थोडंथोडं शिल्लक असायचं. मी पंप काढून पाण्यात उतरायचे तेव्हा ती शेपूट मला सांभाळायची. मला वाटायचं, मीच मोठी हुशार."

"आणि नव्याला शेपूट नाही."

"नव्याची दहालाच संपते. वर पंप लॉकरमध्ये. म्हणजे दहा ते साडेअकरा माझ्या अंगात इन्सुलिनच नाही. आणि मी वर बिस्किटं खाते."

इतकं सरळ होतं ते. मी म्हटलं, मग पाण्यात उतरण्याआधीच्या तासांत इन्सुलिन थोडं वाढवून घेऊ. ती म्हणाली, नुसतं म्हणून भागायचं नाही, करून बघायला हवं. सकाळी तिने डॉक्टरांना फोन केला आणि त्यांच्या संमतीने तीन दिवसांचा बेत आखला.

पहिल्या दिवशी ती पाण्यात उतरलीच नाही. बिस्किटं खाल्ली, पंप कमरेला तसाच ठेवला आणि काठावरून दोन्ही तुकड्या शिकवल्या. आकडे थोडे वर गेले आणि परत आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा काठावर, पण पंप काढून आणि बिस्किटं न खाता. पाऊण तासाने साखर चढायला लागली ती सव्वादोनशेला जाऊन पोचली, तेव्हा तिने लॉकरपाशी जाऊन पंप परत लावला. म्हणजे बिस्किटांचा दोष थोडा आणि पंप नसण्याचा फार. तिच्या बायकांना मात्र हे काही माहीत नव्हतं. मॅडम दोन दिवस कोरड्या कपड्यात बाकावर बसून शिट्टी वाजवताहेत म्हटल्यावर त्यांनी सर्दीपासून ते भांडणापर्यंत सगळे तर्क लढवले. एकीने तर घरून काढा करून आणला. आत्याने तो वर्ग संपल्यावर मुकाट्याने प्यायला आणि त्यातल्या मधाचीही नोंद केली.

तिसऱ्या दिवसासाठी उपाय उघडच होता. दोन तुकड्यांच्या मधल्या दहा मिनिटांत बाहेर यायचं, पंप जोडायचा, छोटा डोस घ्यायचा, पंप काढायचा आणि परत पाण्यात जायचं. डॉक्टरांनी एका युनिटाने सुरुवात करायला सांगितलं. पण आदल्या रात्री जेवणाआधी तिच्या घरी हे बोलणं चाललं असताना आत्याने मधेच म्हटलं, "आणि लॉकर?"

लॉकरची खोली तलावाच्या पार दुसऱ्या टोकाला आहे, ओल्या जिन्यावरून खाली. जाऊन यायलाच दहा मिनिटं लागतात. म्हणजे पंप काठावर ठेवावा लागणार आणि सगळ्यांसमोर जोडावा लागणार. आणि नऊ वर्षांत तिच्या एकाही विद्यार्थिनीला तिचा मधुमेह माहीत नव्हता. व्यवस्थापकांना माहीत होतं, जीवरक्षकाला माहीत होतं, अर्जावर लिहिलेलं होतं. पण बायकांना नाही. ती सर्वांच्या आधी यायची, सर्वांच्या नंतर जायची, पोट झाकणारा पोशाख घालायची, आणि दंडावरच्या सेन्सरवर रंगीत पट्टी लावायची.

याचं कारण मला माहीत होतं. ती अकरा वर्षांची असताना तिला हे निदान झालं तेव्हा आमच्या आजीने घरातल्या सगळ्यांना बजावलं होतं की बाहेर कुणाजवळ वाच्यता करायची नाही. पुढे पोरीचं लग्न व्हायचं आहे. त्यामुळे आत्याने शाळेच्या संडासात सुया टोचून घेतल्या, सहली चुकवल्या, वाढदिवसाचा केक "आवडत नाही" म्हणून नाकारला. लग्न काही झालं नाही, पण तोंड मिटून राहायची सवय मात्र राहिली. एकतिसाव्या वर्षी ती घरी शिवणाच्या वर्गाला जाते असं सांगून पोहायला शिकली. आजीने तिने शिवलेलं काहीतरी बघायला मागितलं तेव्हा ती उघडी पडली.

"बाहेरगावी असते ना एखादी गोष्ट, तसं ठेवलं होतं मी पोहणं," आत्या म्हणाली. "माझंच, पण घरात नाही. आणि तिथे हा आजारही नव्हता."

मी म्हटलं, डॉक्टर दुसरा काही मार्ग काढतील, सकाळचा थेंबथेंब डोस वाढवून बघू.

"त्याने पाण्यात साखर उतरायची भीती. बरोबर उपाय हाच आहे. तूही जाणतेस." ती उठली आणि ताटं मांडायला लागली.

तिसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकली आणि बघ्यांच्या बाकावर जाऊन बसले. जीवरक्षकाच्या टेबलावर तिने झाकणाचा डबा ठेवला होता, आत कोरडा टॉवेल आणि पंप. पहिली तुकडी झाली. बायका कठड्याला धरून हाशहुश करत होत्या, दुसऱ्या तुकडीच्या बायका पायऱ्यांवर पाय भिजवत बसल्या होत्या. म्हणजे नेमकी गर्दी. एरवी या दहा मिनिटांत आत्या पाण्यातच राहते, बाहेर आलं की थंडी वाजते म्हणते. त्या दिवशी ती शिडीने वर आली, टेबलापाशी गेली, बोट पुसून टोचून बघितलं. एकशे बासष्ट. मग तिने पोशाखाच्या बाजूला मुद्दाम शिवून घेतलेली फट उघडली, जोडाची जागा टॉवेलने टिपली आणि नळी टचकन बसवली.

सगळा तलाव बघत होता. आत्याने मान वर केली.

"मला मधुमेह आहे. अकरा वर्षांची असल्यापासून," ती म्हणाली, पोहण्याचा हात कसा मारायचा ते सांगते त्याच आवाजात. "हा माझा इन्सुलिनचा पंप. औषध बदललंय, म्हणून आता मधे एकदा लावावा लागतो. दोन मिनिटं लागतील. तोवर दुसऱ्या तुकडीने श्वासाचा सराव सुरू करायचा."

कुणीच सराव सुरू केला नाही. मग पहिल्या तुकडीतल्या सर्वांत वयस्कर बाई, निवृत्त स्टेनोग्राफर, कठड्यावरून म्हणाल्या, "मॅडम, सांगितलंत ते बरं केलंत. माझीही दोन्ही कानांची यंत्रं त्या पलीकडच्या डबीत असतात. नऊ महिने झाले, पाण्यात तुम्ही काय बोलता त्यातलं निम्मं मला ऐकूच येत नाही. पुढचीचे पाय बघून मी पोहते."

आधी आत्याच हसली, आणि मग हसू सगळ्या पाण्यावर पसरलं. लगोलग एकीने गुडघ्यातली धातूची वाटी जाहीर केली, दुसरीने छातीवरच्या शस्त्रक्रियेचा व्रण. ज्या बाईंनी काढा आणला होता त्यांना तेवढ्यात आपल्या मधाची आठवण झाली आणि त्या कावऱ्याबावऱ्या झाल्या. आत्याने त्यांना सांगितलं की त्या काढ्यात चौदा ग्रॅम साखर होती आणि तो चवीला भयंकर होता.

पंप थरथरला, डोस गेला. तिने नळी काढली, डबा बंद केला, शिट्टी तोंडात धरली आणि शिडीकडे गेली. मी बाकावर बसून राहिले होते. शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला सांगावंसं वाटत होतं, ती माझी आत्या आहे. शेवटी सांगितलंच. तो म्हणाला, बरं.

साडेअकराला आकडा एकशे सत्तेचाळीस होता. दुसऱ्या दिवशी एकशे एकोणचाळीस. पुढच्या दोन आठवड्यांत तिने बिस्किटं दोनावरून एकावर आणली, डॉक्टरांनी दुपारचा डोस किंचित कमी केला, आणि त्यानंतर पायरीवर बसायची वेळ तिच्यावर आली नाही. तीन महिन्यांनी रक्ताची तपासणी झाली तेव्हा तिची सरासरी शेहेचाळीस वर्षांतली सर्वांत चांगली होती. डॉक्टरांनी तो आकडा मोठ्याने दोनदा वाचला.

त्याच्या बऱ्याच आधी, उरलेल्या अकरा जणांचं इन्सुलिन बदलायच्या वेळी, डॉक्टरांनी त्या सगळ्यांना एकत्र बोलावलं आणि आत्याला त्यांच्याशी बोलायची विनंती केली. आमच्या विभागाच्या लहान सभागृहात खुर्च्या मांडल्या. तिने तिच्या दोन टेकड्या फळ्यावर काढल्या. युनिट सुरुवातीला तीच, पण वेळ तीच नाही, हे तिने समजावलं. पंप काढून ठेवायची सवय ज्यांना आहे, अंघोळीला, खेळायला, त्यांनी तो वेळ घड्याळ लावून मोजा, कारण आता मागे सांभाळायला काही शिल्लक राहत नाही. आणि आपल्या आकड्यांवरून डॉक्टरांशी बोला, माझे आकडे उचलू नका.

चित्रकलेचे एक शिक्षक होते, संध्याकाळी पंप काढून फुटबॉल खेळायचे. त्यांनी विचारलं, "बाई, तुमचं सगळं बरोबरच होत गेलं का?"

"नाही," आत्या म्हणाली. "एकदा चौपन्नवर येऊन मी रस्त्यात बसले. डोस चुकीचा सांगितला गेला होता." मी मागच्या भिंतीला टेकून उभी होते. माझी मान खाली गेली. "सांगणारी ती बघा, मागे उभी आहे. माझी भाची. कुणी तिला विचारलं नव्हतं, तरी तिने त्याच दिवशी आपली चूक कागदावर लिहून, सही करून डॉक्टरांना दिली. मी चाळीस वर्षं माझी साधी सुई लपवली. हिने चूकसुद्धा लपवली नाही. तुम्ही हिच्याकडे नवं इन्सुलिन वापरायला शिकणार आहात, तेव्हा निर्धास्त शिका."

अकरा माना माझ्याकडे वळल्या. डॉक्टरही बघत होते. मी नव्या बाटल्यांचं खोकं उचलून पुढे आणलं.

त्यानंतर तासभर कुणी जागचं हललं नाही. लोक आत्याभोवती खुर्च्या ओढून बसले, कुणी सदऱ्याखालून पंप काढून दाखवत होतं, कुणी तिच्या फळ्यावरच्या टेकडीशेजारी आपली टेकडी काढत होतं. शिक्षक तिला मध्यंतराची वेळ सांगत होते आणि ती त्यांच्या वहीत काहीतरी लिहीत होती. पुढच्या कार्यक्रमाची माणसं दारात येऊन उभी राहिली. मी किल्ली हातात घेऊन दोनदा खाकरले. आत्याने माझ्याकडे न बघताच हात वर केला, म्हणजे थांब, अजून एकाचं राहिलंय.